निकालाच्या यादीत नाव नसताना आपली किंमत कोण ठरवतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती कुटुंबात वाढलात, वडील निवृत्त शिक्षक आहेत आणि गेली काही वर्षे तुम्ही पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करत आहात. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत आणि एकदा मुलाखतीपर्यंत जाऊनही अंतिम यादीत नाव आले नाही. याच वर्षी तुमच्या मावसबहिणीची पोस्ट निघाली, गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तिच्यासाठी उपकारस्तुतीची सभा ठरली आहे आणि देवाने तिच्यावर मोठी कृपा केली असे घरी सगळे म्हणत आहेत. तुम्ही लिहिता की देवासमोर आपली किंमत यशावर अवलंबून नाही हे तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे, पण ते आतून वाटत नाही आणि ते वाटावे म्हणून काय करावे हे कळत नाही. त्या सभेला जावे की नाही, हेही तुम्ही शेवटी विचारले आहे.

मी पुण्यात एका मंडळीचा पाळक आहे. स्पर्धा परीक्षांसाठी गावाकडून आलेली अनेक मुलेमुली आमच्या उपासनेला येतात. निकाल लागल्यानंतरच्या रविवारी बाकावर कोण दिसत नाही, याकडे माझे लक्ष असते. यश मिळालेला मुलगा त्या रविवारी आईवडिलांना घेऊन पुढच्या रांगेत बसतो. न मिळालेला मुलगा खोलीवरच राहतो आणि फोन उचलत नाही. ज्या जागी त्याला सर्वांत जास्त आधार मिळायला हवा, त्याच जागी यायची त्याला लाज वाटते. यात त्याचा दोष थोडा आहे, आमच्या मंडळ्यांचा बराच आहे.

तुमचा विश्वास कमी पडतो आहे असे तुमचे पत्र वाचून मला मुळीच वाटले नाही. अडचण वेगळी आहे. आपल्या घरांत आणि मंडळ्यांत देवाच्या कृपेचे नाव बहुतेक वेळा निकालाच्या दिवशीच निघते. नोकरी लागली, फ्लॅट झाला, मुलीचे लग्न ठरले, व्हिसा मिळाला की साक्ष दिली जाते आणि ‘देवाने कृपा केली’ असे म्हटले जाते. हे ऐकत वाढलेल्या मुलीच्या मनात, कोणी तसे शिकवले नसले तरी, एक हिशेब पक्का बसतो की पोस्ट निघाली म्हणजे कृपा झाली आणि निघाली नाही म्हणजे ती झाली नाही. त्यामुळे तुम्ही कृपेत सांत्वन शोधायला जाता तेव्हा, लोकसेवा आयोगाने जो नकार दिला तोच देवानेही दिला आहे असे तुम्हाला वाटते. उत्तर पाठ असूनही ते मनाला लागू पडत नाही, याचे कारण मला येथे दिसते.

पुढे जाण्यापूर्वी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण त्या तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि ती परिस्थिती मला पत्रातून पुरती कळलेली नाही. पहिली तब्येतीची. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठून अभ्यासिकेपर्यंत चालत जाणेही जड होत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर हे उत्तर नंतर वाचा आणि आधी डॉक्टरांना भेटा. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. आजारावर औषध घेणे म्हणजे विश्वासात कमी पडणे, असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नका. दुसरी गोष्ट पुढच्या प्रयत्नाची. आणखी एक अटेम्प्ट द्यावा की दुसरी वाट धरावी, हा प्रश्न वय, पैसा, घरची स्थिती आणि तुमची उमेद पाहून सोडवायचा आहे. तो प्रार्थनेत जरूर मांडा, पण आपल्या किमतीच्या प्रश्नाशी त्याची गाठ मारू नका. ज्याला आपली किंमत पणाला लागली आहे असे वाटते, त्याला परीक्षा सोडताही येत नाही आणि शांतपणे देताही येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील एक प्रसंग मी अशा वेळी आवर्जून वाचायला सांगतो. येशूने सत्तर शिष्यांना गावोगाव पाठवले होते. ते काम फत्ते करून आनंदाने परत आले आणि भुतेदेखील आम्हाला वश होतात असे सांगू लागले. येशूने त्यांचे यश नाकारले नाही. पण त्यांचा आनंद मात्र त्याने दुसऱ्या जागी नेऊन ठेवला. भुते तुम्हाला वश होतात याचा आनंद मानू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद माना, असे तो त्यांना म्हणाला. हे वाक्य त्याने यशस्वी होऊन आलेल्या लोकांना, त्यांच्या यशाच्या ऐन दिवशी सांगितले, याकडे लक्ष द्या. कृपा ही नापास झालेल्यांसाठी राखून ठेवलेली समजूत असती, तर त्या दिवशी तिची गरजच नव्हती. तुमच्या मावसबहिणीलाही आज हेच वाक्य ऐकण्याची गरज आहे, कदाचित तुमच्यापेक्षा जास्त. तिचे नाव आयोगाच्या यादीत आले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण उद्या बदली होईल, वरिष्ठांशी खटके उडतील, बरोबरचा कोणी पुढे निघून जाईल. तिची किंमत या यादीने ठरली असेल, तर ती प्रत्येक पुढच्या यादीने पुन्हा ठरत राहील.

म्हणजे तुम्ही दोघी जिथे वेगळ्या आहात असे घरच्यांना वाटते, तिथे तुम्ही वेगळ्या नाहीत. तिला मिळालेली पोस्ट हे देवाचे दान आहे असे म्हणायला माझी हरकत नाही, सगळीच चांगली दाने त्याच्याकडून येतात. पण ज्या कृपेने माणूस देवाचे मूल ठरते ती कृपा पदांबरोबर वाटली जात नाही. ती तिला पोस्ट निघण्याआधीच मिळालेली होती आणि तुम्हालाही तितकीच मिळालेली आहे. बायबलमधील इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालेले आहे, ते आपल्या हातून झालेले नाही, ते देवाचे दान आहे, यासाठी की कोणी बढाई मारू नये. बढाईला जिथे जागा नाही तिथे शरमेलाही जागा नाही, असे मी त्यापुढे स्वतःच्या अनुभवावरून म्हणेन, कारण दोन्हींचा उगम एकाच हिशेबात आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मी येथे देतो, कारण कर्तृत्वाच्या बाबतीत मराठी ख्रिस्ती समाजात त्यांच्या तोडीचे माणूस सापडणे कठीण आहे. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा त्या विशीत होत्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे अमेरिकेचा दौरा झाला, पुस्तके झाली, शारदा सदन सुरू झाले. एवढे सगळे झाल्यावर त्यांनी आपल्या साक्षीत लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. त्यानंतर त्यांनी आपली विद्वत्ता किंवा आपले काम देवापुढे न मांडता, एक पापी म्हणून केवळ त्याच्या दयेवर भार टाकला. थोड्याच वर्षांत, 1896-97 च्या दुष्काळात, त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि विधवा केडगावला आणल्या. अक्षरओळख नसलेल्या, उपाशी, काहींना घरच्यांनीच टाकून दिलेले. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमात ‘पंडिता’ आणि या मुली एकाच प्रार्थनेला बसत. देवापुढे दाखवायला त्या मुलींच्या हातात काही नव्हते. रमाबाईंच्या हातात पुष्कळ होते, पण त्यांनी ते दाखवायचे सोडून दिले होते. आणि म्हणून त्या स्वस्थ बसल्या असेही नाही. पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी 1922 मध्ये देह ठेवेपर्यंत चालवले.

हा शेवटचा भाग मी मुद्दाम लिहितो, कारण पुढची शंका नेहमी हीच असते की किंमत कृपेने ठरलेली असेल तर मग अभ्यास कशासाठी करायचा. पौलानेच करिंथकरांना लिहिले आहे की मी जो काही आहे तो देवाच्या कृपेने आहे, आणि त्याच दमात तो म्हणतो की इतर सर्वांपेक्षा मी अधिक श्रम केले. कृपेने कष्ट थांबत नाहीत. कष्टांवरचे एक ओझे मात्र उतरते, ते म्हणजे आपण कोणीतरी आहोत हे त्या कष्टांनी सिद्ध करून दाखवण्याचे. माझ्या पाहण्यात असे आले आहे की हे ओझे उतरलेला विद्यार्थी पुष्कळदा अधिक नीट अभ्यास करतो, कारण सराव परीक्षेतील कमी गुण त्याला आपल्या जिवावर उठल्यासारखे वाटत नाहीत, फक्त कोणता विषय पुन्हा वाचायचा ते कळते.

यश तुच्छ आहे असेही मला म्हणायचे नाही, आणि आपल्या समाजात तर तसे म्हणणे फार अन्यायाचे होईल. तुमच्या घराण्याची पार्श्वभूमी मला माहीत नाही. पण आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांच्या मागच्या पिढ्या गावकुसाबाहेर राहिल्या, आणि अमेरिकन मराठी मिशनने 1831 पासून नगरला काम सुरू केल्यावर, शाळा हीच त्यांना माणसात आणणारी पहिली वाट ठरली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, त्यामुळे अशा घरातील मुलीची पोस्ट निघणे ही किती झगडून मिळालेली गोष्ट असते ते मी जाणतो. शिक्षक असलेल्या वडिलांना मुलगी अधिकारी व्हावी असे वाटते, त्यामागे केवळ हौस नसते, आजोबांनी सोसलेला अपमानही असतो. त्या इच्छेचा मान ठेवा. मात्र तो अपमान पुसून काढण्याचे काम तुमच्या एकटीच्या निकालावर सोपवले गेले असेल, तर ते कोणत्याही पोस्टने पूर्ण होणार नाही, कारण ज्या माणसांना गावाने खाली लेखले त्यांना देवाने त्या दिवशीही खाली लेखले नव्हते. तुमच्या आजोबांची किंमत शाळेचा दाखला मिळाला त्या दिवशी सुरू झाली नाही.

या संदर्भात मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला पुन्हा एकदा सावकाश वाचा. धनी पहाटे मजूर नेतो, मग थोड्या थोड्या वेळाने आणखी नेतो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना शेवटच्यांना विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात. त्यांचे उत्तर एका ओळीचे आहे: आम्हाला कोणी कामावर लावले नाही. पुण्यातल्या एखाद्या मजूर अड्ड्यावर सकाळी दहा-अकरानंतर उरलेली माणसे पाहिलीत तर हे उत्तर किती जड आहे ते कळेल. डबा सोबत असतो, हत्यारे पिशवीत असतात, काम करायची तयारी असते, आणि तरी कोणी बोलावत नाही. त्या माणसांत आणि मुलाखतीनंतर यादीत नाव न आलेल्या उमेदवारात मला फारसा फरक दिसत नाही. धनी या शेवटच्यांना पूर्ण दिवसाची मजुरी देतो. पहाटेपासून राबलेल्यांनाही ठरलेली मजुरी पूर्ण मिळते, त्यांचा एक पैसा कापला जात नाही. त्यांची तक्रार एवढीच आहे की यांना तुम्ही आमच्या बरोबरीचे केले. हा दाखला ऐकताना आपण बहुतेक वेळा त्या तक्रारीचे उत्तर शोधत बसतो. मला मात्र नेहमी संध्याकाळी हातात पूर्ण मजुरी पडलेला तो माणूस आठवतो, ज्याला घरी जाऊन मुलांना जेवू घालायचे आहे आणि ज्याने ती रक्कम कमावलेली नाही हे त्याला स्वतःला पक्के ठाऊक आहे.

आता तुमच्या ‘वाटत नाही’ या शब्दांविषयी. तुमच्यासारख्या कष्टाळू, गुणांची सवय लागलेल्या मुलीपुढे येथे एक खड्डा असतो आणि तो मी अनेकांच्या बाबतीत पाहिला आहे. परीक्षेत हाती आले नाही ते विश्वासात मिळवायचे असे ती ठरवते. पहाटेची प्रार्थना, उपास, शास्त्राचे किती अध्याय वाचून झाले याची वही, आणि मग ‘मला अजून कृपा जाणवत नाही, म्हणजे मी यातही मागे आहे’ अशी नवी टोचणी. कृपा जाणवणे हाच एक नवा पेपर होऊन बसतो. माझी विनंती आहे की जाणवण्याची चौकशी काही काळ बंद ठेवा. पौलाने आपल्या शरीरातील काटा जावा म्हणून तीन वेळा विनंती केली, तो गेला नाही आणि उत्तर आले की माझी कृपा तुला पुरे आहे. त्या वेळी त्याला बरे वाटले की नाही, हे तो सांगत नाही. कृपा पुरेशी असणे हे त्याच्या वाटण्यावर टेकलेले नव्हते.

मग करायचे काय? मी ज्यांच्यासोबत बसतो त्यांना साधारणपणे थोड्याच गोष्टी सांगतो. प्रार्थनेत काही आठवडे निकाल, पोस्ट, पुढची जाहिरात यांपैकी काहीही मागू नका. तक्रार असेल तर ती करा. तेरावे स्तोत्र ‘किती वेळ’ या प्रश्नाने सुरू होते आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, आणि ही दोन्ही देवाच्या लोकांच्या उपासनेसाठीच राखून ठेवलेली आहेत. दुसरे म्हणजे प्रभुभोजन चुकवू नका. मनःस्थिती कशीही असली तरी या. आमच्याकडे वेदीपुढच्या कठड्यापाशी लोक गुडघे टेकतात आणि उजवा हात डाव्या हातावर ठेवून रिकामी ओंजळ पुढे करतात. त्या रांगेत एखादा निवृत्त अधिकारी असतो, त्याच्या शेजारी रुग्णालयातली सफाई कामगार बाई असते, तिच्या शेजारी कालच नापास झालेला मुलगा असतो. भाकरीचा तुकडा सर्वांच्या हातावर सारखाच पडतो आणि देताना उच्चारलेले शब्दही तेच असतात. तुमच्या बुद्धीला पाठ असलेली गोष्ट तुमच्या हाताला शिकवण्याची ही जागा आहे, आणि हाताला शिकायला वेळ लागतो.

तिसरे, वडिलांशी बोला. बहुतेक मुले यालाच सर्वांत जास्त घाबरतात. ‘तुम्हाला माझी लाज वाटते का’ असा थेट प्रश्न विचारणे जमणार नसेल तर पत्र लिहा, शिक्षक माणूस पत्र नीट वाचतो. ते लगेच हवे तसे उत्तर देतील असे मी म्हणणार नाही, काही वडील देतात, काही गप्प राहतात. पण न विचारलेल्या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर आपण स्वतःच तयार करून ठेवलेले असते, आणि पुष्कळदा खरे उत्तर त्यापेक्षा मऊ निघते.

एक सावधगिरीही सांगतो. ‘अपयश आले ते बरेच झाले, देवाची काही योजना असेल’ असे तुम्हाला लोक सांगतील. आपले दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडा केली, ते बरेच झाले, असे तुकोबांनी देवाला म्हटले आहे, आणि तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या नारायण वामन टिळकांसारख्या ख्रिस्ती कवीलाही ती वाणी जवळची होती. पण तुकोबांनी ते स्वतःच्या दिवाळ्याविषयी, स्वतः सोसल्यावर, देवाला उद्देशून म्हटले. कोणी शेजाऱ्याने ते त्यांच्या तोंडावर फेकले नव्हते. तुम्हाला कधी तसे म्हणावेसे वाटले तर म्हणा, नाही वाटले तर कोणाच्याही सांगण्यावरून म्हणू नका. गेलेली वर्षे गेली आहेत आणि त्यांचे दुःख करणे यात अविश्वास नाही.

राहिला सभेचा प्रश्न. बहिणीवर तुमचे प्रेम आहे हे पत्रावरून दिसते, म्हणून शक्य असेल तर सभेआधी तिला एकटीला भेटा किंवा फोन करा, तिचे मनापासून अभिनंदन करा आणि तुम्हाला स्वतःला सध्या कठीण जात आहे हेही सांगा. एवढे झाल्यावर सभेला जाणे सोपे होते असा माझा अनुभव आहे. गेलात तर मागच्या बाकावर बसायला हरकत नाही, आणि कोणी ‘तुझे काय झाले’ असे विचारले तर ‘या वेळी झाले नाही, पुढचे ठरवते आहे’ एवढे पुरे आहे, त्याहून अधिक हिशेब देण्याचे कोणाचे देणे तुम्ही लागत नाही. मन अजून फारच ओले असेल तर जाऊ नका, बहिणीला तसे आधी कळवा आणि त्या रविवारी पुण्यात जवळच्या उपासनेला जा. तुमच्या गावच्या पाळकांशी ओळख असेल तर त्यांना माझ्या वतीने एक सुचवा: त्या सभेत उपकारस्तुतीबरोबरच, ज्यांचा निकाल लागला पण नाव आले नाही अशा मंडळीतील मुलामुलींसाठीही, त्यांची नावे न घेता, उघड प्रार्थना व्हावी. आम्ही आमच्याकडे ती सुरू केली आहे, आणि त्यानंतरच्या रविवारी रिकामे राहणारे बाक थोडे कमी झाले आहेत.